जोखमीचं जुळं गरोदरपण: बाळांच्या तब्येतीचा अंदाज रिपोर्टांवरून कसा बांधायचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘एमसीडीए’, ‘डिस्कॉर्डन्स’, ‘एईडीएफ’ असे शब्द आले की घरात एकच प्रश्न उरतो: दोन्ही बाळं नीट होतील ना? डॉक्टर त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देत नाहीत. जुळ्यांत अंदाज प्रत्येक बाळाचा वेगळा असतो आणि तो दर तपासणीला बदलतो. आज बरा दिसणारा आकडा दोन आठवड्यांनी घसरला तर काळजीचं कारण असतं. घाबरवणारा आकडा मात्र तीन तपासण्या जागेवर टिकला, तर बऱ्याचदा ती दिलाशाची गोष्ट ठरते.

म्हणून एकेक रिपोर्ट सुटा वाचू नका. सगळे आकडे एका कागदावर ओळीने मांडा. औषधोपचार आणि प्रसूतीचा निर्णय डॉक्टरांचाच, पण हा कागद पुढ्यात असला की तुमचे प्रश्न नेमके होतात आणि उत्तरंही नेमकी मिळतात.

१. आधी फाइल लावा

लागणारी कागदपत्रं:

- माता व बाल संरक्षण कार्ड, आईचा रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइडचे रिपोर्ट
- ११ ते १३ आठवड्यांचा एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी), फोटोंसकट
- १८ ते २२ आठवड्यांचा अ‍ॅनोमली स्कॅन. वार (प्लॅसेंटा) एकच असेल तर बाळांच्या हृदयाची टूडी इकोसुद्धा, कारण अशा जुळ्यांत हृदयदोषाचं प्रमाण जास्त असतं
- त्यानंतरची प्रत्येक ग्रोथ (वाढीची) आणि डॉपलर (रक्तप्रवाहाची) सोनोग्राफी
- आयव्हीएफ असेल तर भ्रूण सोडल्याची तारीख असलेला कागद
- आईचं आधार कार्ड (सोनोग्राफीच्या आधी फॉर्म एफ भरताना बहुधा मागतात) आणि शासकीय योजनेसाठी रेशन कार्ड

नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. सोनोग्राफीचे फोटो पुढच्या डॉक्टरला खूप काही सांगतात, विशेषतः एनटी स्कॅनचे. ते हरवले तर काही माहिती परत मिळवता येत नाही.

आता एका आडव्या कागदावर तक्ता आखा: तारीख, आठवडे आणि दिवस, बाळ अ चं वजन, बाळ ब चं वजन, फरक टक्क्यांत, दोघांचं पाणी, दोघांचं मूत्राशय दिसलं का, नाळेचा डॉपलर, एमसीए पीएसव्ही (मेंदूतल्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग), गर्भाशयमुखाची लांबी. प्रत्येक तपासणीची एक ओळ.

इथे एक सापळा आहे. ‘अ’ कोण आणि ‘ब’ कोण हे सोनोग्राफी सेंटर बदललं की बदलू शकतं. मग लहान बाळाने दोन आठवड्यांत अचानक ४०० ग्रॅम वजन धरल्यासारखं दिसतं! नावासोबत जागा लिहून घ्या: आईच्या डावीकडचं, खालचं, वार पुढच्या बाजूला असलेलं. आणि सोनोग्राफीतलं ‘अ’ हेच जन्माच्या वेळी पहिलं येईल असंही नाही, सिझेरियनमध्ये तर हमखास गोंधळ होतो. एखाद्या बाळात दोष किंवा वाढीची अडचण सापडली असेल, तर प्रसूतीच्या आधी बालरोगतज्ज्ञांना ते बाळ कोणतं हे स्पष्ट सांगा.

२. वार एक की दोन, हे सगळ्यात आधी

पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे. दोन वारा, पाण्याच्या दोन पिशव्या म्हणजे डीसीडीए. एक वार, दोन पिशव्या म्हणजे एमसीडीए. एक वार, एकच पिशवी म्हणजे एमसीएमए. हा प्रकार दुर्मिळ आणि सर्वांत जोखमीचा.

दोन वारा असतील तर प्रत्येक बाळाचा रक्तपुरवठा स्वतंत्र असतो. वार एकच असली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना जोडलेल्या असतात, आणि एकाच्या तब्येतीचा परिणाम दुसऱ्यावर होतो. पोटात एक बाळ दगावलं तर एकाच वारेच्या जुळ्यांत दुसरं दगावण्याची शक्यता साधारण १५ टक्के आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची साधारण २६ टक्के मानली जाते. दोन वारांत हेच आकडे साधारण ३ आणि २ टक्के आहेत.

ही गोष्ट ११ ते १३ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये सर्वांत खात्रीने कळते. दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर ‘लॅम्डा साइन’, म्हणजे दोन वारा. पातळ पडदा काटकोनात चिकटलेला दिसला तर ‘टी साइन’, म्हणजे एक. पाचव्या-सहाव्या महिन्यात हा त्रिकोण पुसट होतो. शिवाय दोन वारा शेजारी-शेजारी असल्या तर एकच वाटतात. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर वारा जवळजवळ नक्कीच दोन, पण आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, तेव्हा तो रस्ता पालकांसाठी नाहीच. रिपोर्टवर ‘कोरिओनिसिटी’ (वार एक की दोन) लिहिलेली नसेल तर त्याच दिवशी विचारून लिहून घ्या. उशिरा कळल्यामुळे ती ठरवता येत नसेल, तर वार एकच आहे असं धरून चालायचं.

तपासण्यांचं वेळापत्रक इथूनच ठरतं. एकाच वारेसाठी १६ आठवड्यांपासून दर २ आठवड्यांनी. दोन वारांसाठी, गुंतागुंत नसेल तर, २० आठवड्यांपासून दर ४ आठवड्यांनी. एकाच वारेच्या गरोदरपणात ‘पुढच्या महिन्यात या’ असं सांगितलं गेलं, तर पंधरा दिवसांनी का नको हे जरूर विचारा.

३. आठवडे पक्के करा आणि मग बदलू नका

प्रसूतीची तारीख पहिल्या तिमाहीच्या स्कॅनवरून, मोठ्या बाळाच्या मापाने ठरते. आयव्हीएफमध्ये भ्रूण सोडल्याच्या तारखेवरून. त्यानंतरच्या प्रत्येक रिपोर्टवर मशीन नवी तारीख छापतं. ती बाळाच्या त्या दिवशीच्या आकारावरून काढलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष करा. लहान राहिलेल्या बाळाच्या मापावरून ‘दिवसच कमी असतील’ असं मानलं की वाढ खुंटल्याचं लक्षातच येत नाही.

४. वजनातला फरक काढा

रिपोर्टवरचा ‘डिस्कॉर्डन्स’ म्हणजे हाच फरक. सूत्र साधं आहे: मोठ्याचं वजन वजा लहानाचं वजन, भागिले मोठ्याचं वजन, गुणिले १००. मोठं ११५० ग्रॅम आणि लहान ८४० ग्रॅम असेल, तर फरक ३१० ग्रॅम, म्हणजे साधारण २७ टक्के. लहान बाळाच्या वजनाने भागलं तर उत्तर ३७ टक्के येतं आणि विनाकारण धसका बसतो. ही चूक फार जण करतात.

२० टक्क्यांपर्यंत पोचलं की तपासण्या वाढतात. २५ टक्के आणि त्यावर गेलं, किंवा एखाद्या बाळाचं वजन त्या आठवड्याच्या १०व्या पर्सेंटाइलच्या खाली (म्हणजे १०० बाळांतल्या सर्वांत हलक्या १० मध्ये) गेलं, की फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळांच्या) तज्ज्ञांकडे जायचं. ३ऱ्या पर्सेंटाइलच्या खालचं एकच बाळ असलं तरी तेवढ्यावर ‘सिलेक्टिव्ह एफजीआर’ म्हणजे एकाच बाळाची वाढ खुंटल्याचं निदान होतं.

सोनोग्राफीने काढलेलं वजन हा अंदाज असतो आणि तो १५ टक्के इकडेतिकडे चुकू शकतो. म्हणून आठवड्याच्या आत परत वजन करून घेण्यात काही हशील नाही. दोन मापांत निदान दोन आठवडे हवेत. डॉपलरची गोष्ट वेगळी, तो गरज पडली तर रोजही करतात.

५. नाळेचा डॉपलर

वजन कमी असणं आणि बाळाला रक्त कमी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जास्त महत्त्वाची, आणि ती डॉपलर सांगतो. नाळेतलं रक्त बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातही पुढे वाहत राहायला हवं. ते थांबलं तर ‘एईडीएफ’, उलटं फिरलं तर ‘आरईडीएफ’.

एकाच वारेच्या जुळ्यांत लहान बाळाच्या या नोंदीवरून तीन प्रकार पडतात. २००७ साली बार्सिलोनाच्या एदुआर्द ग्रताकोस यांच्या गटाने मांडलेली ही विभागणी आजही वापरतात.

प्रकार १: प्रवाह कायम पुढे वाहतो. दोन्ही बाळं वाचण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर.

प्रकार २: प्रवाह कायम थांबलेला किंवा उलटा. लहान बाळ पोटात दगावण्याचा धोका मोठा आहे, काही अभ्यासांत २९ टक्क्यांपर्यंत. पण इथे घसरण पायरीपायरीने होते आणि ‘डक्टस व्हेनोसस’ या शिरेच्या डॉपलरमध्ये ती बहुधा आधी दिसते.

प्रकार ३: कधी पुढे, कधी थांबलेला. वारेतल्या एका मोठ्या रक्तवाहिनीने दोन्ही बाळं जोडलेली असल्यामुळे असं होतं. रिपोर्ट बरे येत असतानाही लहान बाळ अचानक दगावण्याचा धोका १० ते २० टक्के असतो, आणि मोठ्या, धडधाकट दिसणाऱ्या बाळाच्या मेंदूला इजा होण्याचा धोकाही २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ‘एक तरी बाळ चांगलं आहे’ हे वाक्य या प्रकारात जपून वापरावं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात प्रसूती बहुधा ३४ आठवड्यांच्या आतच करावी लागते. तेव्हा निदान झाल्या दिवसापासूनच काचेच्या पेटीची तयारी धरा. दोन वारांच्या जुळ्यांना ही विभागणी लागू नाही. तिथे लहान बाळाकडे एकेरी गर्भासारखंच पाहतात, आणि त्याच्यासाठी मोठ्यालाही फार लवकर बाहेर काढायचं का, हा प्रश्न तोलावा लागतो.

६. पाणी आणि मूत्राशय: टीटीटीएस ओळखा

एकाच वारेच्या १० ते १५ टक्के जुळ्यांत एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त जात राहतं. देणारं बाळ लघवी कमी करतं, त्याचं पाणी आटतं; घेणाऱ्याचं वाढतं. रिपोर्टमध्ये पाण्याच्या सर्वांत खोल कप्प्याचं माप ‘डीव्हीपी’ किंवा ‘एसडीपी’ म्हणून असतं. एकाचं २ सेंटिमीटर किंवा कमी आणि दुसऱ्याचं ८ सेंटिमीटर किंवा जास्त (२० आठवड्यांनंतर युरोपीय निकषांत १०) असेल तर त्याला टीटीटीएस म्हणतात. जुळ्यांत दोघांचं मिळून ‘एएफआय’ (पाण्याचं एकत्र माप) लिहिलेलं असेल तर ते इथे कुचकामी आहे. प्रत्येक पिशवीचं माप वेगळं मागा.

१९९९ पासून वापरात असलेल्या क्विंटेरो पायऱ्या अशा: पहिलीत फक्त पाण्याचा फरक, दुसरीत देणाऱ्या बाळाचं मूत्राशय दिसत नाही, तिसरीत डॉपलर बिघडलेला, चौथीत बाळाच्या अंगात पाणी साठलेलं, पाचवीत एक किंवा दोन्ही बाळं गेलेली. पहिल्या पायरीतल्या तीन चतुर्थांश केसेस तिथेच थांबतात किंवा सुधारतात. दुसऱ्या पायरीपासून, १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान, दुर्बिणीतून लेझरने रक्तवाहिन्या बंद करणं हा मुख्य उपचार. अनुभवी केंद्रांत त्यानंतर किमान एक बाळ वाचण्याचं प्रमाण ८० ते ९० टक्के, दोन्ही वाचण्याचं ६० ते ७० टक्के.

भारतात ही शस्त्रक्रिया मोजक्याच, मोठ्या शहरांतल्या केंद्रांत होते. निदान आणि लेझर यांत दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जाऊ नयेत. नुसतं वाढलेलं पाणी काढून टाकलं तर पोट हलकं होतं, पण मूळ जोडणी तशीच राहते. आईला जाणवणारी खूण म्हणजे आठवड्याभरात पोट भराभर वाढणं, ताणणं, दम लागणं. ‘जुळी आहेत, पोट मोठं असणारच’ म्हणून ते सोडून देऊ नका.

याचाच एक शांत भाऊ म्हणजे टॅप्स. यात पाणी सारखं असतं, पण एक बाळ फिकं आणि दुसरं दाट रक्ताचं होतं. ते फक्त मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या डॉपलरमध्ये, म्हणजे एमसीए पीएसव्हीमध्ये, सापडतं: एकात १.५ एमओएमच्या (त्या आठवड्याच्या मधल्या मूल्याच्या दीडपटीच्या) वर आणि दुसऱ्यात १.० च्या (अलीकडच्या निकषांत ०.८ च्या) खाली. हे माप घेतलंच नाही तर टॅप्स कळत नाही. लेझरनंतर तर ते हमखास पाहायला हवं.

७. कितव्या आठवड्यात जन्म, त्यावर काय अवलंबून

बाकी सगळं सारखं असेल तर बाळाची तब्येत सर्वांत जास्त ठरते ती आठवड्यांवरून. सुमारे ६० टक्के जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. सगळं सुरळीत असलं तरी दोन वारांत साधारण ३७ व्या, एका वारेत ३६ व्या आणि एकाच पिशवीत ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती ठरवतात.

२८ च्या आत: फुप्फुसं, मेंदू, आतडी, डोळे, सगळीकडेच धोका. २८ ते ३२: बहुतेक बाळं वाचतात, पण पेटीत कित्येक आठवडे. ३२ नंतर मेंदूत मोठा रक्तस्राव आणि डोळ्यांचा गंभीर आजार क्वचित होतो. ३४ च्या आसपास ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसू लागतो. त्याआधीच्या बाळाला नळीने दूध द्यावं लागतं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे जे घरोघरी ऐकू येतं त्याला काही आधार नाही. पोटात सुरक्षित असलेल्या बाळाला प्रत्येक आठवडा फायद्याचाच.

लवकर प्रसूतीचा अंदाज घेण्यासाठी १८ ते २४ आठवड्यांत योनीमार्गे सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजतात. २५ मिलिमीटरच्या खाली असेल तर धोका वाढलेला धरतात.

दोन औषधं अंदाज खरोखर बदलतात. एक, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने ४ इंजेक्शनं, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने २. परिणाम २४ तासांनंतर आणि ७ दिवसांच्या आत प्रसूती झाली तर सर्वांत चांगला. म्हणून ‘जुळी आहेत, आधीच देऊन ठेवू’ हे धोरण चुकीचं. आईला मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस शुगर चढते, ती मोजत राहा. दुसरं, ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणारच असेल तर बाळांच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट.

इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरांचं काय? अमेरिकेतल्या एनआयसीएचडी संस्थेचं सर्वांत प्रसिद्ध आहे. ते २२ ते २५ आठवड्यांच्या बाळांसाठी, तिथल्या रुग्णालयांच्या आकड्यांवर बनवलेलं आहे, आणि त्यात आठवडे, वजन, स्टेरॉइड, एकेरी की जुळं यांच्यासोबत बाळाचं लिंगही भरावं लागतं, जे इथे तुम्हाला माहीत असणार नाही. वारेची जोडणी, डॉपलर यांना त्यात जागाच नाही. त्यातून निघालेली टक्केवारी तुमच्या बाळांची नव्हे.

८. जन्म कुठे होणार, हे २४ आठवड्यांच्या आत ठरवा

अंदाजाचा हा एकच भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून माहेरी पाठवायची पद्धत आहे. माहेरच्या गावी एनआयसीयू (नवजातांचा अतिदक्षता विभाग) नसेल तर जोखमीच्या जुळ्यांत ती या वेळेपुरती मोडा. माहेरची माणसं सासरी येऊ शकतात, पेटी येऊ शकत नाही.

रुग्णालयाला हे विचारा:

- एकाच वेळी दोन बाळांसाठी एनआयसीयूत जागा, दोन सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारी यंत्रं), दोन व्हेंटिलेटर मिळतील का? एक बाळ इथे आणि एक दुसरीकडे अशी पाळी नेमकी इथूनच येते.
- प्रसूतीच्या वेळी दोन बाळांसाठी दोन स्वतंत्र पथकं असतात का?
- सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध), रक्तपेढी, कांगारू केअर, डोळ्यांची तपासणी तिथेच होते का?
- गेल्या वर्षी या आठवड्यांची, या वजनाची किती बाळं तुमच्याकडे दाखल झाली आणि किती घरी गेली?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण पाठ्यपुस्तकातल्या टक्केवारीपेक्षा त्या युनिटचा स्वतःचा आकडा जास्त उपयोगी.

खर्चाचंही आधीच बोला. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत नवजाताचे कोणते उपचार बसतात, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारून घ्या. हलवायची वेळ आलीच तर बाळं पोटात असताना हलवलेली बरी. जन्मानंतर दोन नाजूक बाळांना रस्त्याने नेणं कितीतरी धोक्याचं. कळा, पाणी जाणं, रक्तस्राव, डोकेदुखीसोबत १४०/९० च्या वर रक्तदाब, हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता निघा किंवा १०८ ला फोन करा.

९. जन्मानंतरचे पहिले ७२ तास

अपगार गुण १ आणि ५ मिनिटांना देतात. बाळाला त्या क्षणी किती मदत लागली एवढंच ते सांगतात. पुढे मूल हुशार होईल की नाही याच्याशी त्यांचा संबंध लावू नका.

एकाच वारेच्या बाळांत त्यापेक्षा हे महत्त्वाचं: दोघांचं हिमोग्लोबिन जन्मताच, आणि दोघांत ८ ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला तर रेटिक्युलोसाइट काउंटही (नव्याने बनलेल्या तांबड्या पेशींची मोजणी). हे नमुने रक्त चढवण्याआधी घ्यावे लागतात, नंतर निदान धूसर होतं. घेणाऱ्या बाळाचं हृदय आणि रक्ताचा दाटपणा पाहतात, देणाऱ्याची लघवी आणि रक्तदाब. लहान बाळाची शुगर पटकन खाली येते. वार फेकू किंवा पुरू देऊ नका. गुंतागुंत झालेल्या जुळ्यांत ती पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा.

१०. घरी जाण्याआधी आणि नंतर

मेंदूची सोनोग्राफी: ३२ आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांना पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ४ ते ६ आठवड्यांनी. टीटीटीएस, टॅप्स किंवा जुळं भावंड पोटात दगावलेलं असेल तर वजन चांगलं असलं तरी करून घ्या.

डोळे: २ किलोपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म असेल तर ३० दिवसांच्या आत आरओपीची (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराची) पहिली तपासणी, २८ आठवड्यांच्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळांची २ ते ३ आठवड्यांतच. बाळ घरी आलेलं असतं, दूध पीत असतं, आणि ही तारीख निसटते. त्यात दृष्टी जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही बाळांची तारीख वेगवेगळी लिहून घ्या.

कान: एनआयसीयूत राहिलेल्या बाळांची बेरा (ऐकू येण्याची) तपासणी.

वाढ आणि विकास दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वयाने, म्हणजे जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करून, मोजा. ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ ६ महिन्यांचं झालं तर त्याचं दुरुस्त वय सुमारे ४ महिने. मान धरणं, पालथं पडणं या वयानेच बघायचं, आणि शेजारच्या मुलाशी तर नाहीच, पण दोन जुळ्यांचीही एकमेकांशी तुलना करायची नाही, कारण त्यांचं जन्माचं वजन वेगळं होतं. मागे पडल्याची शंका आली तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं) केंद्र गाठा. तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. लसी मात्र दुरुस्त वयाने नव्हे, जन्मतारखेपासूनच मोजून द्यायच्या.